निंबोळीचा अर्क आणि वायंगणी भात
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषितज्ज्ञ नव्हे. तज्ज्ञांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचविणे एवढेच माझे काम. म्हणून निंबोळीची नुसती स्तुती करण्यापेक्षा ती केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा पडत नाही, हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असता कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिली. श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाने ते पाहिले. पुढे १९६२ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचे पाणी फवारून पिके टोळांपासून वाचविता येतात, हे दाखवून दिले.

निंबोळीतील अ‍ॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीला तत्काळ मारीत नाही. अळीला पान नकोसे होते, तिची कात नीट पडत नाही, वाढ खुंटते. तेव्हा दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून घाईने जहाल विष आणू नये. त्या विषाने भातातले कोळीही मरतात आणि तपकिरी तुडतुड्यांना रान मोकळे मिळते. इंडोनेशियात हेच घडले. तेथील सरकारने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भुकटी आदल्या संध्याकाळी नऊ लिटर पाण्यात भिजत घालावी. दुसऱ्या दिवशी ती फडक्यातून पिळून गाळावी. लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळावा आणि एकंदर १०० लिटर द्रावण करावे. ते त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर फवारावे, कारण उन्हात त्याचा गुण जातो. तुडतुड्यांसाठी फवारा बुंध्याशी पोचला पाहिजे. ते पानावर नव्हे, तिथेच बसतात.

आपल्या गोव्यात खरी अडचण पावसाची. आषाढ-श्रावणातल्या सरींत सरदीच्या भातावर फवारलेला अर्क तासाभरात धुऊन जातो. तेथे श्रम व्यर्थ. वायंगणी पीक मात्र कोरड्या दिवसांत उभे असते, आणि हा अर्क त्याच्याच कामाचा. शिवाय कडुनिंब आपल्याकडे विरळा. निंबोळी घाटावरून आणावी लागते आणि ती पडते नेमकी पावसाच्या तोंडावर. सावलीत वाळवून हवेशीर पोत्यात ठेवलेलीच घ्यावी. बुरशी धरलेली फुकट मिळाली तरी नको!

खोडकिड्याची अळी एकदा खोडात शिरली की तिच्यावर हा उपाय चालत नाही. त्याची अंडी बहुधा पानांच्या शेंड्याजवळ असतात. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावेत.

आणखी एक. वनस्पतीचे म्हणून सारेच निरुपद्रवी, असे कोणी समजू नये. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन माणसालाही घातक आहे. निंबोळीचा उरलेला अर्कसुद्धा तळ्यात किंवा मानशीच्या पाण्यात ओतू नये. तो मासळीला बाधू शकतो.