गीझरच्या नळीतला जोड

गीझर बंद पडला की आपण म्हणतो, "कॉइल गेली." पण कधी कधी कॉइलची तार शाबूत असते, जळालेला असतो तो तिच्या टोकाचा जोड.

ही तार नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची. अल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली तिचं पेटंट मिळवलं. तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तिला जळू देत नाही. मात्र याच थरामुळे तिला सोल्डर नीट धरत नाही. धरलंच, तर तापून वितळतं.

म्हणून कारखान्यातलं यंत्र वेगळी वाट धरतं. सळईभोवती तार गुंडाळून स्प्रिंग होते, तिच्या टोकात जाड पिन सरकते, दोन इलेक्ट्रोड दोघांना घट्ट चिमटीत धरतात आणि क्षणभरच जोरदार प्रवाह सोडतात. बारीकशी ठिणगी, की धातू एकजीव! मग ही स्प्रिंग नळीत घालून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरतात. ती उष्णता बाहेर जाऊ देते, वीज नाही.

एवढ्याशा जोडाला इतकं जपायचं कशाला? २००० वॅटच्या गीझरमधून २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर प्रवाह वाहतो. जोडात अर्धा ओहम रोध शिरला, तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागी पस्तीसेक वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली सोल्डरिंगची कांडी साधारण तेवढ्याच वॅटची असते. म्हणूनच चांगली यंत्रं दर जोडाला दाब आणि प्रवाह तपासतात. थोडा फरक दिसला, की तो नग बाजूला काढला जातो.