शिक्षकांचे दूरशिक्षण आणि वर्गातील वाचन-लेखन
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीत शिक्षकी पेशा पत्करलेली घरे थोडी नाहीत. त्या घरांत अलीकडे रात्री जेवणे आटोपल्यावर एक नवे दृश्य दिसते : मास्तर अथवा बाई मोबाईल पुढ्यात घेऊन स्वतःच विद्यार्थी होऊन बसलेल्या. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत.

केंद्र सरकारने २०१९ साली ‘निष्ठा’ ही शिक्षक-प्रशिक्षणाची योजना काढली. आरंभी हे वर्ग समक्ष भरत. महामारीमुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून ते ‘दीक्षा’ या संगणकीय व्यासपीठावर गेले. पुढे ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान आले. तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे हा त्याचा संकल्प, आणि त्यास २०२६-२७ ची मुदत. त्यासाठी शिक्षकांना १२ पाठ्यक्रम दिले गेले.

आता आमची कबुली. पहिल्या पाठाच्या वेळी आम्ही चित्रफीत चालू ठेवून शेजारी वह्या तपासत बसलो. अखेरच्या प्रश्नांची उत्तरे दिली. प्रमाणपत्र पदरात पडले. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच : फळ्यावर उतारा, आणि वह्यांतून त्याच्या नकला. चौथीतील एका मुलीचे अक्षर वर्गात सर्वांत सुरेख. तिला म्हटले, “तुझी आजी घरी काय करते ते लिही.” तिने भाबडेपणाने विचारले, “बाई, फळ्यावर कुठंय?”

पाठ पुन्हा उघडला, या खेपेस वही घेऊन. गोष्ट मोठ्याने वाचावी, मध्येच थांबून पुढे काय होईल ते मुलांस विचारावे. मुलांनी आपल्या मनचे लिहावे, शुद्धलेखन मागाहून पाहावे. लहान वर्गांत सबंध बाराखडी संपण्याची वाट न पाहता क, म, ल आणि काना एवढ्यावरच काका, मामा, काम, माल, कमाल असे शब्द वाचू द्यावेत. (आमच्या पिढीस शब्द भेटेपर्यंत निम्मे वर्ष सरत असे!) काही आठवड्यांनी त्याच मुलीने लिहिले, “आजी भाकरी थपते. मला चटका बसला.” थापण्याचा काना राहिला होता. लाल शाईची दौत आम्ही त्या दिवशी उघडली नाही.

परंतु पडद्यावरील व्याख्याता आमच्या वर्गात येऊन बसत नाही. गोष्ट वाचताना मागच्या बाकावरची मुले का चुळबुळतात, हे त्यास कळणार कसे? ते दुसऱ्या शिक्षकासच विचारावे लागते. म्हणून आमची विनंती अशी की, संस्थेचे सभागृह महिन्यातून एका शनिवारी दुपारी शिक्षकांसाठी मोकळे असावे. प्रत्येकाने आपल्या वर्गातील दोन वह्या, न तपासलेल्या, बरोबर आणाव्यात. शिक्षक अन्य ज्ञातीचे असले तरी त्यांस अवश्य बोलवावे. चहाची व्यवस्था आम्ही करू. किल्लीचे मात्र चिटणीसांनी आजच सांगावे.