कोंबड्यांचे सेंद्रिय खाद्य

परसात सहा कोंबड्या पाळणाऱ्या गृहिणीला पोत्यावरचा सेंद्रियतेचा शिक्का पुरेसा वाटतो. धान्य रासायनिक खतांवाचून पिकले, ही ग्वाही तो देतो. ते कोरडे राहिले, ही नव्हे. गोमंतकातल्या पावसाळी दमटपणात त्यातील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन हे विष उत्पन्न होऊ शकते, आणि ते शिजवूनही जात नाही. इंग्लंडात १९६० साली अशाच पेंडीने लाखावर टर्की पक्षी दगावले.

अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाते. सहांना महिन्यास वीस किलो पुरतात. स्वस्त म्हणून पन्नास किलोंचे पोते पावसाळ्यात घेणे महागच. वास कुबट आला, तर शिक्का असूनही ते परत करावे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावा. चुना तेवढा घरचाच चालतो: तिसऱ्यांचे शिंपले कुटून निराळ्या वाडग्यात ठेवावेत, कोंबडी गरजेपुरते टिपते.