मुंबईच्या प्लेगचा आलेख आणि गणिती प्रतिमानांचा पहिला अभ्यासक्रम

गणिताच्या अध्यापकांच्या या परिषदेपुढे यंदा मुख्यत्वे विचारार्थ असलेला विषय म्हणजे पदवी पातळीवरील गणिती प्रतिमानांचा प्रास्ताविक अभ्यासक्रम. प्रतिमान म्हणजे बाहेरच्या जगातील एखाद्या घडामोडीची, तिच्यातील काही बाबी जाणूनबुजून बाजूला ठेवून आणि काही गृहीत धरून, समीकरणांच्या भाषेत केलेली मांडणी. प्रत्यक्षात मात्र वर्गात माल्थसचे लोकसंख्यावाढीचे समीकरण, व्हेर्हुल्स्टने १८३८ साली त्या वाढीला घातलेली मर्यादा आणि लोटका-व्होल्टेरा यांची भक्ष्य-भक्षकांची समीकरणे असा ठरावीक क्रम लागतो, प्रत्येकाची उकल फळ्यावर मांडली जाते आणि परीक्षेतही तीच मागितली जाते. परिणामी हा अभ्यासक्रम अवकल समीकरणांच्या, म्हणजे एखादी राशी किती वेगाने बदलते हे सांगणाऱ्या समीकरणांच्या, अभ्यासक्रमाची धाकटी पाती होऊन बसला आहे. विद्यार्थ्याला समीकरण सोडवता येते. ते मांडावे कसे आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हे त्याला कोणी विचारत नाही.

या अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी ठेवावे असे एक उदाहरण मुंबईचेच आहे, आणि महाराष्ट्रातील वर्गांत त्याचा मुंबईशी असलेला संबंध क्वचितच सांगितला जातो ही खेदाची बाब आहे. केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथींच्या गणिती सिद्धान्तावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंचे १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक आकडे घेतलेले आहेत. मॅकेन्ड्रिक हे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत राहिलेले आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले डॉक्टर होते, तेव्हा त्यांना हे आकडे परके नव्हते.

त्यांच्या मांडणीचा सर्वांत सोपा प्रकार असा. लोकसंख्येचे तीन गट कल्पावेत: ज्यांना रोग होऊ शकतो ते संवेद्य, ज्यांना झाला आहे ते बाधित, आणि बरे होऊन वा मरण पावून जे संसर्गाच्या साखळीबाहेर पडले ते निवृत्त. नव्या बाधितांची भर संवेद्य आणि बाधित यांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात पडते, तर निवृत्तांची भर केवळ बाधितांच्या संख्येच्या प्रमाणात पडते. एवढ्यावरून असे निष्पन्न होते की, आरंभीच्या संवेद्यांची संख्या निवृत्तीचा स्थिरांक भागिले संसर्गाचा स्थिरांक या उंबरठ्याहून अधिक असेल तरच साथ भडकते, आणि अखेरचा संवेद्य माणूस गाठण्यापूर्वीच ती ओसरते. (पाठ्यपुस्तके या प्रकारालाच त्या दोघांचे नाव देतात, मूळ निबंधात तो एका अधिक व्यापक सिद्धान्ताचा विशेष प्रकार म्हणून येतो.) नोंदलेल्या रुग्णांपैकी किमान ८० ते ९० टक्के दगावत असल्यामुळे मृत्यूंची संख्या हीच ढोबळमानाने निवृत्तांची संख्या मानून निबंधकारांनी आकड्यांशी जुळणारे जे सूत्र दिले, त्यानुसार आठवड्याचे मृत्यू म्हणजे ८९० गुणिले (०.२ट − ३.४) या राशीच्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग, येथे ट म्हणजे उलटलेले आठवडे. कंस शून्य झाला की शिखर येते, म्हणजे सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यास. आणि वक्राखालचे क्षेत्रफळ काढले असता एकूण मृत्यू सुमारे ८,९०० भरतात. हे दोन्ही हिशोब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाच मिनिटांत करता येतात. काढलेला वक्र नोंदींच्या ठिपक्यांतून इतका सफाईने जातो की पाहणारा थक्क होतो.

बहुतेक अध्यापक येथेच थांबतात, आणि अभ्यासक्रम खरा सुरू व्हायला हवा तो येथूनच. वक्र जुळवून हाती आलेले आकडे तीन आहेत: ८९०, ०.२ आणि ३.४. त्याच्या मुळाशी असलेल्या प्रतिमानात मात्र अज्ञाते चार आहेत: आरंभीचे संवेद्य, आरंभीचे बाधित, संसर्गाचा स्थिरांक आणि निवृत्तीचा स्थिरांक. तीन आकड्यांवरून चार अज्ञाते निश्चित होत नाहीत. म्हणजे वक्र कितीही सुरेख जुळला तरी मुंबईत संवेद्य किती होते हे त्यावरून सांगता येत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. गाठीचा प्लेग हा मुळात उंदरांचा रोग असून पिसवांच्या चाव्याने तो माणसापर्यंत पोहोचतो. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे, सर्व उंदरांना बाधेचा संभव सारखा आहे, साथभर दर बदलत नाहीत, ही आपली गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत आणि म्हणून सूत्र अगदी ढोबळ आहे, हे निबंधकारांनी स्वतःच नमूद केले आहे. त्यातही दर न बदलण्याचे गृहीतक सर्वांत कच्चे म्हणावे लागेल. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रथम ओळखला गेल्यापासून तो मुंबईत वर्षामागून वर्षे हिवाळ्याच्या अखेरीस चढत आणि उन्हाळ्यात उतरत राहिला. प्रतिमान हा उतार संवेद्य घटल्यामुळे आला असे सांगते, पण उष्म्याने पिसवांचे आयुष्य घटले तरी आलेख असाच खाली येईल. एकाच वक्रामागे दोन निराळी कारणे संभवतात आणि वक्र त्यांतील निवड करून देत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याने एकदा स्वतः करून पाहिली की पुढे कोणत्याही अंदाजाकडे पाहण्याची त्याची नजर बदलते. मूळ नोंदींचा प्रश्न वेगळाच. साथीच्या पहिल्या वर्षांत घरझडती आणि विलगीकरण यांच्या धास्तीने कित्येक कुटुंबांनी मृत्यू लपवले होते.

ज्यांना साथीचा विषय वर्गात नको वाटतो, त्यांच्यासाठी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाण्यांवरील काम आहे. हातोहात फिरणारे नाणे झिजते, त्यामुळे काळाबरोबर नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते, या साध्या प्रतिमानावर त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारून घडवलेल्या) नाण्यांचा कालानुक्रम लावण्याची पद्धत उभी केली. आजच्या नाण्यांवर टाकसाळीचे वर्ष छापलेलेच असते आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तराजू असतो, तेव्हा एका तासिकेत विद्यार्थ्यांनी वर्षवार नाणी तोलून हे प्रतिमान स्वतः पडताळावे. पोलादी नाण्यात झीज दिसलीच नाही, तर ती का दिसली नाही हे लिहिणे हाच त्या तासिकेचा अभ्यास समजावा.

अभ्यासमंडळांनी प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलल्याशिवाय यातील काहीही वर्गात टिकणार नाही. म्हणून या परिषदेने अभ्यासमंडळांना एक स्पष्ट शिफारस करावी, अशी विनंती आहे: या विषयाच्या निम्म्या गुणांसाठी समीकरणाची उकल प्रश्नातच छापून द्यावी, आणि विद्यार्थ्याकडून त्यामागील गृहीतके, आकड्यांशी केलेली पडताळणी आणि प्रतिमान जेथे फसते ती जागा, एवढेच मागावे.