पेटीची किल्ली कुणाकडे?

मी म्हैसूरहून बोलते आहे.

म्हैसूर म्हटलं की आपल्या लोकांना दसऱ्याचा हत्ती, रेशमी साडी, चंदनाचा साबण आणि तुपात निथळणारा म्हैसूरपाक आठवतो. माहेरून कुणी आलं की मीसुद्धा राजवाडा आणि चामुंडीचा डोंगर दाखवूनच त्यांची बोळवण करते. पण म्हैसूरशी नातं असलेली आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात आहे. ती म्हणजे महिला बचत गट. हे नातं फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून आजचा विषय तोच.

बचत गट म्हणजे बांगलादेशातल्या मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेची नक्कल, असं बरेच जण समजतात. युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावातून सुरुवात केली आणि १९८३ मध्ये त्याची बँक झाली. काम मोठंच आहे. पण तिथला गट पाच जणींचा, आणि कर्ज यायचं बँकेकडून. आपल्या गटाचं बी वेगळं आहे. ते एका संस्थेच्या फसलेल्या प्रयोगातून रुजलं.

संस्थेचं नाव मायराडा. पूर्ण नाव 'म्हैसूर रिसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी'. स्थापना १९६८ ची. तेव्हा या राज्याचंच नाव म्हैसूर होतं, 'कर्नाटक' हे नाव १९७३ मध्ये आलं. तिबेटी निर्वासितांचं पुनर्वसन करण्यात सरकारला हातभार लावावा, यासाठी ही संस्था निघाली. पुढे तिने आसपासच्या गरीब गावांत काम सुरू केलं. म्हैसूर जिल्ह्यातला हेग्गडदेवनकोटे तालुका हे त्यातलं एक ठिकाण. आम्ही सगळे त्याला एच. डी. कोटे म्हणतो. मायराडाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गावोगावी सहकारी सोसायट्या काढल्या आणि त्यांच्यामार्फत कर्ज दिलं. सोसायटी म्हटली की अध्यक्ष आला, अध्यक्ष म्हटला की त्याची माणसं आली. हे मी महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना समजावून सांगायची गरज नाही.

१९८४-८५ च्या सुमारास यातल्या बऱ्याच सोसायट्या मोडकळीला आल्या. तेव्हा एक गोष्ट घडली, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची वाटते. काही सभासद छोटे छोटे घोळके करून मायराडाच्या लोकांकडे आले. म्हणाले, आमच्याकडचं कर्ज आम्ही फेडतो, पण तुमच्याकडे. सोसायटीच्या पुढाऱ्याच्या हातात देणार नाही, त्याच्यावर आमचा विश्वास नाही. आता, बुडत्या सोसायटीचं कर्ज सहसा लोक विसरून जातात. हे लोक ते परत करायला निघाले होते! मायराडाने त्यांना सांगितलं, आम्हाला नको, तुमच्यातच ठेवा, तुम्हीच सांभाळा आणि तुम्हीच एकमेकांना द्या. १९८६-८७ पर्यंत अशा गटांची संख्या तीनशेच्या घरात गेली होती.

१९८२ पासून मायराडाची धुरा अलॉयसियस फर्नांडिस यांच्याकडे होती. या घोळक्यांना काय धरून ठेवतं, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. उत्तर साधं होतं. माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत होती, अडीनडीला धावून जात होती, एकाच कामावर किंवा एकाच वस्तीत राहत होती. मायराडा त्याला 'अ‍ॅफिनिटी' म्हणते. आपण जिव्हाळा म्हणू, किंवा नुसता भरवसा. सुरुवातीच्या गटांत पुरुषही होते, हे आज सांगितलं तर गंमत वाटते. टिकले ते मुख्यतः बायकांचे.

या गटांना पुढे पाय फुटले ते नाबार्डमुळे. १९८७ मध्ये नाबार्डने मायराडाला दहा लाख रुपये दिले, गटांच्या प्रशिक्षणासाठी आणि त्यांच्या बचतीला जोड म्हणून. १९९२ मध्ये पाचशे गट बँकांना जोडायचा प्रायोगिक कार्यक्रम निघाला. त्यासाठी बँकांना तीन अवघड गोष्टी गिळाव्या लागल्या. गटाची नोंदणी झालेली नसली तरी कर्ज द्यायचं, तारण मागायचं नाही, आणि पैसा कुठल्या बाईला कशासाठी हे बँकेने ठरवायचं नाही, गटाने ठरवायचं. गटात वीसपेक्षा जास्त जणी का नसतात असं मला नेहमी विचारतात. वीसच्या वर गेलं की जुन्या कंपनी कायद्यात नोंदणी सक्तीची होत होती, म्हणून. आज देशात बँकेत खातं असलेले गट एक कोटीच्या वर आहेत.

आता प्रत्यक्ष बैठक कशी चालते ते सांगते. इकडे बचत गटाला 'संघ' म्हणतात. म्हैसूरपासून एच. डी. कोटे पन्नासएक किलोमीटर. कबिनी धरणाचं पाणी, नागरहोळे आणि बंडीपूरचं जंगल, नाचणी, कापूस, तंबाखू. जंगलातून बाहेर काढलेल्या आणि धरणाने उठवलेल्या लोकांचा हा तालुका. जेनु कुरुबा, काडु कुरुबा, यरवा या आदिवासींच्या वस्त्यांना इकडे 'हाडी' म्हणतात. 'जेनु' म्हणजे मध. मध गोळा करणारे ते जेनु कुरुबा. १९८४ मध्ये म्हैसूरच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या आर. बालसुब्रमण्यम आणि त्यांच्या मित्रांनी स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट काढली, तीही याच तालुक्यात येऊन रुजली. आधी दवाखाना, मग शाळा, मग बाकीचं.

मी ज्या संघाच्या बैठकीला अधूनमधून जाते, तिथे अठरा जणी आहेत. चटईवर गोल करून बसतात. मध्ये पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या कमरेला. हजेरी होते, उशिरा आलेलीला दंड होतो, आणि दंडाच्या वेळी हसू सगळ्यात जास्त होतं. मग बचत. मग कर्जाची मागणी. एकदा एकीने मुलाच्या मोटारसायकलच्या पहिल्या हप्त्यासाठी पाच हजार मागितले. दुसरीने सासऱ्याच्या औषधपाण्यासाठी दोन हजार. पेटीत दोन्ही भागेल इतके पैसे होते. मोटारसायकलवालीला सगळ्यांनी सांगितलं, "अक्का, मुलगा कामाला लागू दे, मग बघू." तिचं तोंड उतरलं. पुढच्या बैठकीला ती आली, हेही सांगते.

महाराष्ट्रातली एखादी चाणाक्ष बाई म्हणेल, अहो ही तर आमची भिशीच. भिशीसारखी आहे, पण भिशीत नंबर लागतो किंवा चिठ्ठी निघते. इथे चर्चा होते. 'नाही' म्हणावं लागतं, तेही रोज पाणी भरायला जिच्यासोबत जायचं तिला. हाडीतल्या बायका तीन-चार महिने कोडगूच्या कॉफीमळ्यांवर मजुरीला जातात. त्यांच्या एका संघाने ठरवलं की मळ्यावर असताना बचत चुकली तर दंड नाही, परत आल्यावर भरायची. बाहेरच्या कुणी नियम केला असता तर तो दर आठवड्याचाच झाला असता आणि निम्म्या बायका कागदावर थकबाकीदार ठरल्या असत्या.

हिशेबही बघा. वीस बायका आठवड्याला दहा रुपये टाकतात, वर्षाला १०,४०० रुपये होतात. हसण्यासारखी रक्कम. पण पाच-सात वर्षांत व्याज-मुद्दल धरून लाखभर फिरायला लागतात. व्याज महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. शहरातल्या लोकांना हा आकडा सांगितला की ते दचकतात. पण लाखावरचे ते चोवीस हजार जातात कुठे? त्याच पेटीत. व्याज देणारी आणि घेणारी एकच.

आता आपल्या सीमाभागाकडे येते, कारण तिथलं उदाहरण मला सगळ्यात जड वाटतं. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याकडेही घराघरात आहे. देवीला मुली सोडायची चाल कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंद झाली, पण ती कायद्याने थांबणारी नव्हती. बेळगाव जिल्ह्यात मायराडाने देवदासी बायकांचे संघ बांधले आणि १९९७ मध्ये त्यांचीच संस्था उभी राहिली, तिचं नाव 'मास'. ती चालवणाऱ्या बायका स्वतः त्यातून आलेल्या. सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणीच देवीला सोडलं होतं. त्याच पुढे या संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कर्ज आणि शेळ्या हा त्या कामाचा एक भाग. पण कुठल्या घरात मुलीला सोडायची तयारी चालली आहे, हे पोलिसांच्या आधी या बायकांना कळतं. आणि त्या दारात जाऊन उभ्या राहतात. तिथे भरवसा म्हणजे काय, ते मला समजलं.

असं सगळं असताना जानेवारी २०२५ मध्ये इकडच्या वर्तमानपत्रांत काय होतं? म्हैसूर आणि चामराजनगर जिल्ह्यांतली माणसं घराला कुलूप लावून गाव सोडून जात आहेत, कारण मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले दारात बसले आहेत. आत्महत्यांच्या बातम्या होत्या. फेब्रुवारीत राज्य सरकारने वसुलीतली दांडगाई रोखायला अध्यादेश काढला, दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आंध्रात असाच अध्यादेश २०१० मध्ये निघाला होता. पंधरा वर्षांत गोष्ट फक्त शेजारच्या राज्यात सरकली.

बाहेरून बघणाऱ्याला यात फरक दिसत नाही. तिथेही बायका चटईवर गोल करून बसतात. हजेरी, सह्या, सगळं तसंच. पण मध्ये पेटी नसते. एक तरुण मुलगा टॅब घेऊन बसलेला असतो. पैसा कंपनीचा, व्याजाचा दर कंपनीचा, वार आणि वेळ कंपनीची. बायकांकडे फक्त एक काम दिलेलं असतं, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा किंवा तिच्या दारात जाऊन बसायचं. जो भरवसा फर्नांडिस यांच्या गटांचा पाया होता, तोच इथे वसुलीचं हत्यार होतो. बाईला कंपनीच्या माणसाची जितकी भीती वाटत नाही, तितकी शेजारणीच्या नजरेची वाटते.

मग संघ असताना बायका तिकडे गेल्याच का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. संघाच्या पेटीतून वीस हजार निघतात. मुलीचं लग्न, म्हैसूरच्या खाजगी दवाखान्यातलं ऑपरेशन, पाणी न लागलेली बोअरवेल, यांना लाख लागतो. बँकेकडे गेलं तर आज साहेब रजेवर, उद्या सर्व्हर बंद. टॅबवाला चार दिवसांत देतो. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. पण मजुरी करणाऱ्या घराचं उत्पन्न किती, हे फॉर्मवर लिहितो कोण? जो कर्ज देतो तोच.

दुसरं कारण आपल्याच घरातलं आहे. गट चांगले चालतात म्हटल्यावर सरकारांनी ते उद्दिष्ट म्हणून घेतले. कर्नाटकात २०००-०१ मध्ये स्त्रीशक्ती योजना आली आणि संघ बांधायचं काम अंगणवाडी सेविकेकडे गेलं. आधीच पन्नास रजिस्टरं भरणारी ती बाई काय करणार? यादीवरून वीस नावं उचलणार आणि वहीही स्वतःच लिहिणार. काही ठिकाणी फार उत्तम संघ झाले, नाही असं नाही. पण बरेच असे की ज्यांच्या सभासदांना एकमेकींची नावं योजनेच्या दिवशी कळली. अशा संघाला आणि कंपनीच्या गटाला ओळखायची माझी एक रीत आहे. वही मागायची आणि अक्षर कुणाचं ते बघायचं. मग शेवटचं 'नाही' कुणाला म्हटलं होतं ते विचारायचं. कधीच म्हटलं नाही, असं उत्तर आलं की मी चहा घेते आणि निघते.

आता बायकांच्या खात्यात थेट पैसे येतात. गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार, तिचा आरंभ ऑगस्ट २०२३ मध्ये इथे म्हैसूरलाच झाला. महाराष्ट्रात २०२४ पासून लाडकी बहीण. त्यावर राजकारणी भांडोत. मला एवढं दिसतं की त्यातले शंभर-दोनशे रुपये पेटीत आले तर पेटी लवकर भरते, आणि हप्त्यात गेले तर ते बाईच्या हातात पडायच्या आधीच संपतात. दोन्ही होताना मी बघते आहे, एकाच गल्लीत.

मी सांगितलेल्या त्या अठरा जणींच्या संघापुढे सध्या एक अर्ज आहे. दोघी जणी तीन वर्षांपूर्वी संघ सोडून कंपनीच्या गटात गेल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर आता तीन-तीन कर्जं आहेत आणि त्यांना परत यायचं आहे. त्यांचं निदान एक कर्ज संघाने पेटीतून फेडावं, मग त्या संघाला हप्त्याने देतील, अशी त्यांची विनंती. काही जणी म्हणतात घ्या, आपल्याच आहेत. किल्ली जिच्याकडे आहे ती म्हणते, तेव्हा जाताना विचारलं नव्हतं, आणि पेटी रिकामी झाली तर आजारपणाला काय द्यायचं? मला मत विचारलं, मी दिलं नाही. पेटी माझी नाही. गेल्या बैठकीत दीड तास बोलणं झालं, निकाल लागला नाही. येत्या गुरुवारी पुन्हा बसणार आहेत.