मालक, बास आणि बॉस
(अमरावतीच्या युवक मेळाव्यातील भाषण)



माझा बाप अकोला जिल्ह्यात सालदार होता. गुढीपाडव्याला साल ठरायचं आणि मग वर्षभर तोंडात एकच शब्द, 'मालक'. मालकाचं सहा वर्षांचं पोर वावरात आलं तरी बाप उठून उभा राहायचा, "या, धाकले मालक." ते पोर मात्र बापाले 'अरे' म्हणायचं. मी शिकलो, अमरावतीत ठेकेदाराकडे लागलो. मी 'मालक' म्हणत नाही, 'बॉस' म्हणतो. लय दिवस मले वाटे, आपण सुटलो.

मग या 'बॉस'चीच कुंडली काढली. शब्द मूळचा इंग्रजांचा नाही, डचांचा. मूळ रूप 'बास'. अर्थ मुकादम, मालक. डच, फ्रिजियन, उत्तर जर्मनीतली बोली, सगळीकडे तो आहे. त्याच्या व्युत्पत्तीवर पंडित भांडतात; भांडू द्या.

आपलं काम पुढे आहे. सतराव्या शतकात डच जहाजांनी हा शब्द दोन दिशांना नेला. अमेरिकेत त्यांचं न्यू अॅमस्टरडॅम होतं. १६६४ साली इंग्रजांनी घेतलं, त्याचंच न्यूयॉर्क झालं. पुढे तिथल्या गोऱ्या नोकरांना 'मास्टर' म्हणवेना, कारण तो शब्द काळ्या गुलामांच्या तोंडचा. म्हणून त्यांनी डचांचा 'बास' उचलला, त्याचा 'बॉस' झाला. घ्या! चाकरी तीच, फक्त गुलामाच्या पंगतीतून आपलं पान उचललं. ही युक्ती आपल्या देशाला कोणी शिकवायला नको.

दुसरं जहाज १६५२ साली आफ्रिकेच्या टोकाला, केपला लागलं. तिथे पुढे बंगाल-मलबारातूनही गुलाम नेले. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत 'बास' तसाच राहिला आणि काळ्या माणसाच्या तोंडात कोंबला गेला. गोऱ्याचं पोर म्हणजे 'क्लेनबास', अर्थात धाकला मालक! अन् साठीचा काळा म्हातारा 'बॉय'. हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. कानात बापाचाच आवाज. पुढे तर या शब्दाचं राजकारण झालं, 'बासस्काप', म्हणजे गोऱ्यांची मालकी. १९५४ ते ५८ पंतप्रधान असलेला स्ट्रायडम हे उघड बोलायचा. ते राज्य १९९४ च्या निवडणुकीनं गेलं.

आपणही शब्द बदलला. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' दिला, 'जोहार' गेला. पण तेव्हा आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणंही टाकलं, हे विसरू नका. तरी माझा बाप रात्री विहारात 'जय भीम' म्हणायचा आणि सकाळी वावरात 'मालक'.

परवा त्याले 'क्लेनबास' सांगितला. हसला नाही. विचारलं, "त्याइच्या वावराचा सातबारा कोनाच्या नावानं होता?"

मी १९१३ चा कायदा सांगितला. काळ्यांच्या वाट्याला सुमारे ७ टक्के जमीन, बाकी गोऱ्यांची.

"मंग म्हनतीलच ना बास," बाप म्हणाला.