मालेरीपासून पालारापूपर्यंत



उत्क्रांती, प्रजातींचं नामशेष होणं आणि उष्ण कटिबंधातली जंगलं हे तीन विषय तुमच्या महाविद्यालयाने यंदा एकत्र शिकवायला घेतले आणि त्यावर बोलायला मला पैनगंगेपलीकडून बोलावलं, याचा मला मनापासून आनंद आहे. बेला, जैनद, तामसीकडची बरीच मुलं इथे आहेत, म्हणून मराठीतच बोला असं प्राचार्य म्हणाले. पण ज्यांच्या घरी गोंडी, कोलामी किंवा तेलुगू बोलतात, त्यांच्यासाठीही मी हे तितकंच बोलतो आहे.

उत्क्रांतीचा धडा पुस्तकात बहुधा गॅलापागोस बेटांवरच्या पक्ष्यांपासून सुरू होतो. तो वाचाच. पण आदिलाबादच्या मुलांनी हा विषय दूरच्या बेटांवरून शिकावा आणि घराजवळच्या मातीतून शिकू नये, हे मला पटत नाही. इतकी लांबलचक गोष्ट एकाच मुलखात पाहायला मिळेल अशा जागा जगात थोड्या आहेत. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. मी जुन्या, अखंड आदिलाबादबद्दल बोलतो आहे.

आसिफाबाद-मंचेरियालच्या पट्ट्यात मालेरी नावाचं गाव आहे. तिथल्या तांबड्या मातकट खडकांचे थर बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप या भागातले जीवाश्म जमवत होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. गोंडांविषयीची त्यांची टिपणं त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये प्रसिद्ध झाली. मालेरीच्या थरांतल्या मगरीसारख्या एका प्राण्याला त्यांच्यावरून पॅरासुकस हिस्लॉपी हे नाव आहे. त्याच थरांत हायपरोडापेडॉन हक्सलेई हा पाला खाणारा, बाकदार चोचीचा सरपटणारा प्राणी सापडतो. डार्विनची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या थॉमस हक्सलेचं नाव त्याला दिलेलं आहे. वरच्या जबड्यात दातांच्या रांगा आणि मधे खाच, खालचा जबडा त्या खाचेत बसायचा, अडकित्त्याच्या पात्यासारखा. याचे भाऊबंद स्कॉटलंडमध्ये, ब्राझीलमध्ये, टांझानियात सापडले. पोहत समुद्र ओलांडणारा हा प्राणी नव्हे. तेव्हा हे सगळे भूखंड एकमेकांना जोडलेले होते, हे त्याची हाडं सांगतात. पुढे तो सगळीकडूनच संपला.

त्याच मालेरीत सेराटोडस या फुप्फुस असलेल्या माशाचे दात मिळतात. आज भारतात त्या कुळातला एकही मासा नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या नद्यांत त्याचा नातलग अजून पोहतो आहे. एकच कूळ, एका ठिकाणी दगड झालं, दुसरीकडे जिवंत राहिलं. असं का, हा प्रश्न तुमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर असायला हवा.

मालेरीनंतर काही कोटी वर्षांनी कोटा थर तयार झाले. कोटा हे प्राणहितेकाठचं, सिरोंचाजवळचं गाव. याच थरांतून यामनपल्लीजवळ कोटासॉरस हा लांब मानेचा, सुमारे नऊ मीटरचा डायनासोर मिळाला. १९८८ मध्ये शास्त्रज्ञ यादगिरी यांनी त्याचं नामकरण केलं. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात तो उभा आहे. सहलीला गेलात तर त्याच्यासमोर थोडा जास्त वेळ थांबा. पण मला त्याच्याहून जास्त ओढ वाटते ती त्याच कोटा थरांत सापडलेल्या बारीक दातांची. ते दात उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे. त्यातल्या एकाला कोटाथेरियम हाल्डेनी म्हणतात, भारताचं नागरिकत्व घेतलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्यावरून. त्या काळात कुणी विचारलं असतं की पुढचे दिवस कुणाचे, तर अवाढव्य कोटासॉरसकडेच बोट गेलं असतं. परीक्षेत ‘बलवान तो टिकतो’ असं लिहिणाऱ्यांनी ते दात एकदा भिंगाखाली पाहावेत.

डायनासोर गेले ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. मेक्सिकोजवळ अशनी आदळला हे एक कारण, आणि त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हाचे पूर वाहत होते. कुणाचा वाटा किती, यावर आजही वाद आहे. त्या लाव्हाची पूर्वेकडची किनार तुमच्या जिल्ह्यात येते. पश्चिमेच्या मंडलांतली काळी कापसाची जमीन म्हणजे त्याच लाव्हाच्या खडकाची झिजून झालेली माती. तुमच्यातल्या निम्म्या मुलांची फी ज्या कापसातून आली असेल, त्या कापसाची मुळं त्या घडामोडीच्या खुणांत रुतलेली आहेत.

आता जंगलाकडे येऊ. उष्ण कटिबंध म्हटलं की मुलांना बारमाही हिरवं, ओलं जंगल आठवतं. आपलं जंगल पानझडीचं आहे. चार महिने पाऊस आणि पुढे आठ महिने जवळजवळ कोरडे, या एका गोष्टीने इथला प्रत्येक जीव घडवला. साग पानं टाकून पाणी वाचवतो. मोहाचं तर पाहाच. फेब्रुवारीच्या शेवटापासून, अंगावर पानं नसताना तो फुलतो. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात, आणि पहाटेपर्यंत खाली सडा पडतो, जो वेचायला तुमच्या घरची माणसं टोपल्या घेऊन जातात. इतक्या तहानलेल्या दिवसांत झाड एवढी साखर का उधळतं? कारण त्याच्या बियांत फार दिवस जीव टिकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये फुललं तरच बी पावसाच्या तोंडावर पडतं आणि ओल मिळते. ज्या झाडांचं हे वेळापत्रक जुळलं त्यांची रोपं जगली, ज्यांचं चुकलं त्यांची वाळून गेली. हजारो पिढ्या हेच घडत राहिलं. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच, आणि ती समजून घ्यायला तुम्हाला गावाची शीवही ओलांडावी लागत नाही.

इथेच एक काळजीची गोष्ट सांगतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. त्यात कोवळी रोपं जळतात. बांधावर म्हातारे मोह भरपूर दिसतात, पण मनगटाएवढ्या खोडाचे किती दिसतात? झाड डोळ्यांसमोर उभं असतानाच त्याची पुढची पिढी संपू शकते.

आणि गिधाडं. बेज्जूरच्या जंगलात पालारापूचा कडा आहे. २०१३ मध्ये तिथे लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आढळली तेव्हा किती आनंद झाला, तो समजायला आधीचं नुकसान माहीत हवं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. लाखो वर्षांत हे पक्षी असे घडले की कुजक्या मांसातले जंतू त्यांच्या पोटातल्या आम्लात मरतात. पण गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांना पचलं नाही, मूत्रपिंडं निकामी झाली. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी असा फटका भरून काढू शकत नाही. औषध आणि मृत्यू यांचा हा संबंध २००४ मध्ये सिद्ध झाला, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते बंद केलं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही बंद झाली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे.

मालेरीचा हायपरोडापेडॉन वाचवायला कुणी नव्हतं. गिधाडाचं कारण मात्र माणसाने शोधलं, आणि ते कळलं म्हणून घसरण थोपवता आली. मी हा विषय आयुष्यभर शिकवला तो याचसाठी. नामशेष होण्याचा अभ्यास म्हणजे मेलेल्यांची यादी पाठ करणं नव्हे, तर कारण वेळेत ओळखायला शिकणं आहे. तुमच्यातल्या ज्यांच्या गोठ्यात गुरं आहेत त्यांनी आज घरी जाऊन औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचावं. हाही तुमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आता या मुलखाबद्दलच्या लिखाणाकडे येऊ. मानववंशशास्त्रज्ञ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ व्हिएन्नाहून आले, मारलवाई गावात राहिले आणि १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवर पुस्तक काढलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण या जंगलाबद्दल पुढचं लिखाण इथल्याच मुलामुलींच्या हातून व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. आजीला विचारा, तिच्या लहानपणी मोह कधी फुलायचा, कोणता पक्षी आता दिसत नाही. ते तारखेसह लिहा, ज्या भाषेत ती सांगेल त्याच भाषेत.

प्राचार्यांना दोन विनंत्या आहेत. विभागात एक मोठी वही ठेवावी, जिच्यात दर वर्षीचे विद्यार्थी ठरावीक मोहांची पहिली फुलं, पहिली फळं आणि खालची जगलेली रोपं नोंदवतील. दहा वर्षांनी ती वही कुठल्याही विद्यापीठाला हेवा वाटावा अशी होईल. दुसरी विनंती, वर्षातून एकदा मालेरीच्या थरांकडे सहल न्यावी, मात्र जीवाश्म उचलून आणू नयेत, जागेवरच पाहावेत आणि चित्रं काढावीत.

मोह फुलायला फार दिवस उरलेले नाहीत. झाडं या महिन्यातच निवडून त्यांना क्रमांक द्या.